गलक्यातून नेमका कोणाचा आवाज?

दुकानातल्या बंद खोलीत सगळीच श्रवणयंत्रं गुणी वागतात. समोर बसलेली ऑडिओलॉजिस्ट आपल्याकडे बघून स्पष्ट बोलत असते, मागच्या स्पीकरमधून रहदारीचा आवाज सोडलेला असतो. ती मोबाइलवर एक बटण दाबते, रहदारी विरून जाते आणि तिचं बोलणं तेवढं उरतं. मलाही हे दाखवण्यात आलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे मी विचारलं, की रहदारीऐवजी तिथून दुसऱ्या बाईचं बोलणं सोडलं तर? उत्तर आलं, "मॅडम, हे एआय आहे, सगळं हँडल करतं." यंत्र घ्यायला निघालेल्यांनी या वाक्यापाशी जरा थांबावं.

वयाने बहिरेपण येतं तेव्हा आवाज नुसता लहान होत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी झिजल्या की जवळजवळच्या स्वरांमधला फरक कळेनासा होतो, शब्द आणि गोंगाट एकमेकांत कालवले जातात. जुनी यंत्रं दोन्ही मोठं करून द्यायची. "ऐकू येतं हो, पण कळत नाही," म्हणून किती घरांत ती कपाटात पडून आहेत!

न्यूरल नेटवर्कने इथे खरोखरच फरक पडला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात देलियांग वांग हे संशोधक वर्षानुवर्षं या प्रश्नामागे होते. त्यांच्या आईचं ऐकणं ते कॉलेजात असतानाच कमी होऊ लागलं होतं. पद्धत समजायला अवघड नाही. आवाजाचे काळाप्रमाणे आणि स्वराच्या उंचीप्रमाणे अगदी बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात बोलणं जास्त की गोंगाट हे ठरवायचं, बोलण्याचे तुकडे ठेवायचे आणि बाकीचे दाबायचे. ठरवायचं कसं, याचे नियम माणूस लिहून देत नाही. स्वच्छ बोलण्यात मुद्दाम गोंगाट मिसळून असे असंख्य नमुने नेटवर्कपुढे ठेवतात. मूळ बोलणं हाताशी असल्यामुळे बरोबर उत्तर आधीच माहीत असतं, त्यावरून ते शिकतं. 2013 साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, श्रवणदोष असलेल्यांना गलक्यात 29 टक्के शब्द कळत होते, ते या प्रक्रियेनंतर 84 टक्क्यांवर गेले.

माझ्यातल्या शिक्षिकेला मात्र एक गोष्ट खटकली. शिकवताना जो गोंगाट वापरला, त्याच प्रकारच्या गोंगाटात तेव्हा परीक्षा झाली होती, म्हणजे वर्गात सोडवून घेतलेलीच गणितं पेपरात आली. पुढे 10,000 वेगवेगळे गोंगाट वापरून हा आक्षेप त्यांनी दूर केला. पण दुसरी गोष्ट राहतेच. तो गलका म्हणजे अनेकांचे आवाज मिसळून झालेला एकजीव कोलाहल होता. शेजारच्या खुर्चीवरून स्पष्ट मराठीत गुडघेदुखी सांगणाऱ्या काकू हा निराळा विषय आहे.

कारण त्या काकूंचं बोलणंही बोलणंच आहे. यंत्र बोलणं आणि गोंगाट वेगळे करतं. मला कोणाचं ऐकायचं आहे, हे त्याला कसं कळणार? मग ते साधा अंदाज बांधतं, की तोंड ज्याच्याकडे, तो महत्त्वाचा. भाचीच्या साखरपुड्यात याचा पुरता अनुभव आला. शेजारी बसलेली बहीण माझ्या कानाशी काही सांगत होती आणि यंत्र मला समोरच्या टेबलावरचा जागेच्या भावांचा वाद ऐकवत होतं. जेवण संपेपर्यंत मला वाकडमधले दर पाठ झाले, बहिणीचं म्हणणं मात्र घरी येऊन फोनवर कळलं.

म्हणून खोलीतली चाचणी आपल्या अटींवर घ्या. घरचे दोघे बरोबर न्या. एकाला समोर बसवा, दुसऱ्याला बाजूला, आणि दोघांनाही एकदम बोलू द्या.

'एआय' हा शिक्का खोक्यावर दिसला तर ते नेमकं काय करतं, हे विचारा. बऱ्याच यंत्रांत ते फक्त आपण हॉटेलात आहोत की गाडीत, हे ओळखून सेटिंग बदलतं. आवाज खरोखर वेगळे करणारं नेटवर्क ही वेगळी चीज आहे. ओटिकॉनने 2021च्या सुमारास आणलेल्या 'मोर' या यंत्रातलं नेटवर्क 1 कोटी 20 लाख ध्वनिनमुन्यांवर शिकवलेलं आहे, असं कंपनी सांगते. फोनॅकने 2024मध्ये या कामासाठी स्वतंत्र चिप घातली. तिला वीजही जास्त लागते, तेव्हा तो प्रोग्राम सतत चालू ठेवला तर बॅटरी किती तास पुरेल, हेही विचारून घ्या. हे काम मोठ्या संगणकाकडे पाठवून करता येत नाही, कारण आवाज कानात पोचायला साधारण 10 मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की स्वतःचंच बोलणं घुमल्यासारखं वाटू लागतं. म्हणजे सगळी बुद्धी शेंगदाण्याएवढ्या जागेत बसवायची.

आता एक गोष्ट, जी मला कोणीही आपण होऊन सांगितली नाही. कानात जी रबरी टोपी घालतात, तिला डोम म्हणतात. भोकांचा, उघडा डोम आरामशीर असतो, कान कोंदल्यासारखा होत नाही. पण त्या भोकांतून जाड, खालच्या पट्टीचा गोंगाट यंत्राला वळसा घालून थेट आत शिरतो. नेटवर्कने कितीही निवडलं तरी तो गोंगाट त्याच्या हाती लागतच नाही. बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड बसवला की त्याच यंत्राचा गुण जास्त दिसतो, मात्र कोंदल्याची सवय करून घ्यावी लागते. महागडं मॉडेल घेण्याआधी हे करून पाहा. कानात बारीक नळी घालून यंत्राचा आवाज मोजण्याची चाचणीही मागा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे विक्रेत्याशी संबंध नसलेली तपासणी होऊ शकते.

गाणं ऐकणाऱ्यांनी संगीताचा वेगळा प्रोग्राम आग्रहाने करून घ्यावा. गोंगाट दाबणाऱ्या यंत्रणेला तानपुरा हा एकसारखा चालू असलेला गोंगाटच वाटू शकतो, आणि बासरीचा लांबवलेला स्वर ऐकून यंत्र आपलीच शिट्टी वाजते आहे असं समजून बिथरतं. रस्त्यावर तर गर्दीचा प्रोग्राम बंदच ठेवा. मागून येणारी रिक्षा त्याच्या लेखी बिनमहत्त्वाची असते.

आणि परत करण्याची मुदत लेखी घ्या, तीही कार्यांचे दिवस बघून. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी घासाघीस चांगली होते म्हणून पितृपक्षात यंत्र आणलं. त्या पंधरवड्यात ना लग्न, ना मुंज, ना पाहुणे. घरात दोघंच, यंत्र उत्तम चाललं. पहिल्या समारंभाला गेले तोवर मुदत संपली होती.