पांढरीचे टेकाड

वऱ्हाडातील शेतकरी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतो. जिच्यात कपाशी व ज्वारी पिकते ती काळी आणि जिच्यावर घरे उभी असतात ती पांढरी. कित्येक ठिकाणी गाव उठून गेले, परंतु पांढरी मागे राहिली. पडलेल्या भिंतींची माती, चुलींतील राख, खापरे व हाडे ह्यांचे थर साचून तिचे टेकाड झाले. अशा अवशेषांवरून पूर्वीच्या माणसांचे जीवन समजून घेणाऱ्या शास्त्राला पुरातत्त्वशास्त्र असे म्हणतात.

टेकाडात सामान्यतः खालचा थर जुना आणि वरचा नवा असतो. म्हणून संशोधक जमिनीवर चौकोन आखतात, एकेक थर हलक्या हाताने खरवडून काढतात आणि प्रत्येक वस्तू कोठे व किती खोल सापडली हे लिहून ठेवतात.

अमरावती जिल्ह्यातील चांदूरबाजार तालुक्यात, पूर्णा नदीच्या वळणावर, फुबगाव येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात असे उत्खनन केले. धनाचे हंडे शोधणाऱ्याची तेथे निराशाच झाली असती. सापडले ते चार गोल घरांचे अवशेष, ठरावीक अंतरावरील खांबांचे खळगे, एका घरातील चूल, लोखंडाच्या व तांब्याच्या वस्तू आणि अकिकाचे मणी. एवढ्यावरून कळले की, इसवी सनापूर्वी सातव्या ते चौथ्या शतकात तेथे शेती करणारे, गुरे पाळणारे व कारागिरी जाणणारे लोक राहत होते.

हे सारे एकट्याला उलगडत नाही. म्हणून या शास्त्राच्या अनेक शाखा झाल्या आहेत. जळालेल्या दाण्यांवरून पिके ओळखणारे ते पुरावनस्पतिशास्त्र. अमरावती जिल्ह्यातीलच तुळजापूर गढी येथील प्राचीन धान्यांचा असा अभ्यास झाला आहे. हाडांवरून जनावरे ओळखणारे ते पुराप्राणिशास्त्र. कोळशात उरलेला किरणोत्सारी कार्बन सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. तो मोजून भौतिकशास्त्रज्ञ काळ ठरवतात. नाण्यांचा अभ्यास नाणकशास्त्र करते, तर कोरीव लेख वाचण्याचे काम पुराभिलेखशास्त्राचे. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यातील वाशीम येथे मिळालेला ताम्रपट १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला निश्चितपणे माहीत झाली.

ताम्रपटावर अक्षरे असतात. तो कोठेही नेला तरी आपली हकीकत सांगतो. मण्यावर वा खापरावर बहुधा अक्षरे नसतात. त्यांची हकीकत त्यांच्या जागेत असते. चुलीजवळ, कोळशाच्या थरात पडलेला मणी घराचा काळ आणि घरातील माणसांची आवड सांगतो. तोच उचलून खिशात घातला की तो केवळ एक सुंदर खडा उरतो.

फुबगावच्या वस्तीचा सुमारे एक तृतीयांश भाग पूर्णेच्या पुरांनी कातरून नेला. पुरापुढे माणसाचा इलाज नव्हता. परंतु भिंतींना व धाब्यांना चांगली म्हणून जुन्या पांढरीची माती लोकही गाड्या भरभरून नेत आले आहेत. त्या मातीबरोबर कोणाची चूल गेली, कोणाचे अंगण गेले, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

मुलांनो, तुमच्या शिवारातही असे टेकाड असेल. तेथे रंगीत खापर दिसले, तर उकरू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि आपल्या गुरुजींना सांगा. ते पुरातत्त्व खात्याला कळवतील. फाटलेले पुस्तक पुन्हा छापता येते. खणून टाकलेली पांढरी पुन्हा रचता येत नाही.

स्वाध्याय
१. काळी व पांढरी यांतील फरक सांगा.
२. फुबगावच्या उत्खननातून कोणती माहिती मिळाली?
३. ‘मण्याची हकीकत त्याच्या जागेत असते’ हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.