लाड कुणाचे, हौस कुणाची

आमच्या घरी नात आहे आणि कुत्राही. दोघांच्या नावानं महागड्या वस्तूंचे खोके सारखे दारात येतात. ते उघडता उघडता पटलेल्या या गोष्टी.

१. जी वस्तू ज्याच्यासाठी घ्यायची, त्याचं शरीर आधी बघावं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पुण्याच्या मे महिन्यात त्याला जरीची शेरवानी चढवली, तर फोटोत जीभ बाहेर काढून तो हसतोय असं वाटतं. तो हसत नसतो, तापलेला असतो. बुटांचंही तेच. ते चढवण्याऐवजी रस्त्यावर तळहात टेकवून बघावा; चटका बसला तर फिरायची वेळ बदलावी.

२. डॉल्चे अँड गब्बाना या कंपनीनं २०२४ साली कुत्र्यांसाठी ९९ युरोंचं अत्तर काढलं. कुत्रे एकमेकांना ओळखतात ते वासावरून. ती ओळखच झाकायला एवढे पैसे मोजणं मला क्रूर वाटतं.

३. पाळण्यात देखणेपणा नको. झालर, लोड, मऊ उशा, भरतकामाची रजई असा संच बाळंतविड्यात हल्ली हमखास येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र सपाट, घट्ट गादी लागते, आणि तिच्यावर दुसरं काही नको. श्वास कोंडण्याची भीती असते. पाळण्याच्या कडेनं बांधायच्या मऊ गाद्यांवर अमेरिकेनं २०२२ साली कायद्यानं बंदी घातली. मी बारशाला जुन्या सुती लुगड्याची दुपटी देते.

४. पांगुळगाडा चांगला, वॉकर नको. पांगुळगाड्याला धरून मूल स्वतः उभं राहतं, तोल सांभाळतं. वॉकरमध्ये ते बसून घरंगळतं आणि थेट जिन्यापर्यंत पोचतं. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच मनाई आहे. आपल्याकडे मात्र दिवे आणि गाणी लावलेले वॉकर खुशाल विकले जातात, याचा मला राग येतो.

५. खेळणी थोडी असली की खेळ रंगतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात १६ खेळण्यांपेक्षा ४ खेळणी समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली. आम्ही बाकीची माळ्यावर ठेवतो आणि अधूनमधून अदलाबदल करतो. सावंतवाडीची लाकडी फळं तेवढी कायम खाली असतात; नात रोज त्यांचा बाजार मांडते.

६. नुसतं ‘काही आणू नका’ म्हटलं की माणसं दुखावतात. त्यापेक्षा काम सांगावं: ‘आत्या, खेळणं नको, रविवारी हिला संभाजी बागेत घेऊन जा.’ आणि कुत्र्याचे लाड करायला निघालेल्या काकाला: ‘यंदाची रेबीजची लस तुझ्याकडून.’