सहवाचकाला शिफारस : भयकथा, गूढकथा आणि विज्ञानकथा

उद्दिष्टे
या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हांला –
• भयकथा, गूढकथा व विज्ञानकथा यांतील भेद सांगता येईल.
• या प्रकारांतील लेखकांची सकारण शिफारस करता येईल.

प्रास्ताविक
कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. अशा ग्रंथालयांत पुस्तक बदलताना एक वाचक दुसऱ्याला ‘काही चांगले सुचवा’ असे सहज म्हणतो. उत्तर मात्र जबाबदारीचे असते. ज्या वाङ्मयप्रकारांना ‘केवळ करमणूक’ म्हणून बाजूला सारले जाते, त्यांच्याबाबत तर अधिकच. कारण पहिलेच पुस्तक चुकीचे निघाले, तर वाचक त्या संपूर्ण प्रकाराकडे पाठ फिरवतो.

विवेचन
प्रथम प्रकार ओळखावा. भयकथेत अमानवी शक्तीचे अस्तित्व कथाविश्वापुरते सत्य मानलेले असते. गूढकथेत घडले ते खरे की भास, हा संशय बहुधा टिकून राहतो. विज्ञानकथेत विज्ञानाच्या आधारे एखादी शक्यता कल्पून तिचे परिणाम तर्काने तपासलेले असतात.

नारायण धारप (१९२५–२००८) हे मराठी भयकथेचे प्रमुख लेखक. दुष्ट शक्तींशी झुंजणाऱ्या ‘समर्थां’च्या कथांत भयाबरोबर आश्वासनही आहे, म्हणून नवख्या वाचकाला त्या आधी सुचवाव्यात. ‘लुचाई’ ही कादंबरी सुचवताना तिचा आधार स्टीफन किंग यांची ‘सालेम्स लॉट’ ही कादंबरी आहे, हेही सांगावे. ऋण सांगितल्याने शिफारस दुबळी होत नाही. उलट परके कथानक मराठी वातावरणात कसे रुजवले, हे पाहण्याची दृष्टी वाचकाला मिळते.

ज्यांना भुताखेतांचे वावडे आहे, त्यांना रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) सुचवावेत. ‘खेकडा’सारख्या संग्रहांतून त्यांची गूढकथा परिचित आहे. तिच्यातील भीती बरेचदा माणसाच्या मनातूनच उगवते.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. लेखकाच्या कीर्तीचा आधार न घेता कथा वाचकापर्यंत पोहोचली, हे येथे लक्षात घ्यावे. लोकलच्या प्रवासात तुकड्यातुकड्याने वाचणाऱ्यास त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह सोयीचा. सलग वेळ असणाऱ्यास ‘वामन परत न आला’ ही कादंबरी.

यावरून शिफारशीची तीन पथ्ये निघतात. एक, सुचवण्याआधी वाचकाची आवड व सवड विचारावी. दोन, ‘छान आहे’ एवढ्यावर न थांबता कारण द्यावे. तीन, रहस्य फोडू नये; या प्रकारांत शेवट सांगणे म्हणजे वाचनाचा निम्मा आनंद हिरावणे होय.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न
१. भयकथा व गूढकथा यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. रूपांतरित कादंबरीची शिफारस करताना मूळ कृतीचा उल्लेख का करावा?
३. तुमच्या परिसरातील ग्रंथालयातून वरीलपैकी एका लेखकाचे पुस्तक वाचा व एका विशिष्ट वाचकासाठी दहा ओळींची शिफारस लिहा.

सारांश
शिफारस हे समीक्षेचे सर्वांत लहान व घरगुती रूप आहे. त्यात पुस्तकाची पारख जितकी लागते, तितकीच समोरच्या माणसाचीही. ही दुहेरी पारख साधली, की एका वाचकाचा आनंद दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचतो.