पडसे की फ्ल्यू? आधी ओळखा, मग उपाय करा



उसाची पाने पांढरी पडली की आपण आधी बेटाजवळ जाऊन नीट बघतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा-पांढरा असेल, तर ती लोहाची कमतरता. बेटात गवतासारखे बारीक पांढरे फुटवे दाटले असतील, तर तो गवताळ वाढीचा रोग. पहिल्याला हिराकशीची फवारणी चालते, दुसऱ्यात बेट मुळासकट उपटून नष्ट करावे लागते. सर्दी-तापाचेही असेच आहे. वरून सारखे दिसते, पण पडसे वेगळे आणि फ्ल्यू वेगळा.

फरक कसा ओळखावा?

1) सुरुवात : पडसे हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक गळते. फ्ल्यू एकदम येतो. सकाळी धडधाकट माणूस पाणी धरायला जातो आणि दुपारी हुडहुडी भरून घरी येतो.

2) ताप : मोठ्या माणसाला पडशात ताप बहुधा नसतो, असला तर कणकण. फ्ल्यूत बहुतेक वेळा 101 ते 103 अंशांपर्यंत चढतो आणि तीन-चार दिवस राहतो. म्हाताऱ्या माणसांना मात्र कधी कधी ताप न येताही फ्ल्यू असतो.

3) अंग : पडशात माणूस कुरकुरत का होईना, कामे उरकतो. फ्ल्यूत डोके, कंबर, पाय ठणकतात, खाटेवरून उठवत नाही.

4) खोकला : फ्ल्यूत कोरडा खोकला असतो. नाक गळणे हे मुख्यतः पडशाचे लक्षण.

5) मुदत : पडसे आठ-दहा दिवसांत जाते. फ्ल्यूचा ताप उतरला तरी थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो.

कोरोनाची लक्षणेही अशीच असतात. तो फरक तपासणीनेच कळतो.

उपाय

दोन्ही आजार विषाणूंचे आहेत. त्यावर अँटिबायोटिकचे इंजेक्शन काम करीत नाही. "एक सुई मारा डॉक्टर, उद्या तोड आहे," असा हट्ट धरू नये. विश्रांती, भरपूर पाणी, पेज आणि तापाला पॅरासिटामॉल एवढे बहुतेकांना पुरते. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

फ्ल्यूवर विषाणूविरोधी औषध आहे, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास जास्त गुण येतो. म्हणून गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी वाट न पाहता दवाखाना गाठावा. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, भ्रम होणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काही दिसले तर रात्र काढू नये.

1918 च्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे. 2009 मध्ये स्वाइन फ्ल्यूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. तेव्हा "नुसता ताप आहे" म्हणून अंगावर काढू नये.

एक महत्त्वाची सूचना

जोराचा ताप आहे, पण नाक, घसा, खोकला काहीच नाही. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल झाले आहेत, असे असेल तर तो फ्ल्यू नसून लेप्टो असू शकतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून, पायाच्या जखमेवाटे तो अंगात शिरतो. उसाच्या फडात उंदीर कमी नाहीत. या रोगावर मात्र अँटिबायोटिक लागू पडते, ते जितके लवकर तितके बरे. डॉक्टरांना "मी उसात काम करतो" हे आवर्जून सांगावे.

तोडणी टोळ्यांबाबत

कोप्या एकमेकींना खेटून असतात. एका कोपीतला फ्ल्यू चार दिवसांत टोळीभर होतो. रोगी लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस इतरांना रोग देतो. खाडा पडेल या भीतीने मजूर तापातही कोयता उचलतो. अशा माणसाला फडात बोलावू नका. मुकादमाशी बोलून त्याला विश्रांती द्या, दवाखान्यात न्या. एकाचा खाडा परवडेल, टोळी आडवी झाली तर तुमचाच ऊस फडात वाळेल.

खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हात साबणाने धुवावेत, आजाऱ्याचा तांब्या वेगळा ठेवावा. फ्ल्यूची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते, जोखमीच्या माणसांनी त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

ऊस चार दिवस उशिरा तुटला तर उतारा थोडा घटेल. घरचे माणूस मात्र पुन्हा लावता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी