पावसाची लहर

पाऊस दरवर्षी येतो. परंतु दरवर्षी सारखा येत नाही. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून पाहता, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भारतात सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. एखादे वर्ष या सरासरीच्या पुढे जाते, तर एखादे फार मागे राहते. १९७२ साली पावसाने पाठ फिरविली. महाराष्ट्रात पिके करपली, विहिरी आटल्या आणि लाखो माणसांना पोटासाठी दुष्काळी कामांवर खडी फोडावी लागली.

असे का घडते? १९०४ साली भारतातील वेधशाळांचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी याचा शोध घेतला. देशोदेशींच्या नोंदी ताडून पाहता त्यांना आढळले की, पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला म्हणजे हिंदी महासागरावर तो बहुधा उतरतो, आणि याच्या उलटही घडते. या झोक्याचे नाते समुद्राच्या उष्णतेशी आहे, हे पुढे कळले. पॅसिफिकच्या मध्य व पूर्व भागांतील पाणी नेहमीपेक्षा तापले की भारतात पाऊस बहुधा उणावतो. यासच एल निनो म्हणतात. १९७२ साली तो होता. मात्र १९९७ साली प्रबळ एल निनो असूनही पाऊस सरासरीइतका झाला.

काही फेर याहून संथ असतात. १९३१ ते १९६० या काळात भारतात अवर्षणे क्वचितच पडली. पुढील तीस वर्षांत ती वारंवार आली.

म्हणून सरासरीवर विसंबून राहणारा फसतो. सुकाळात अडविलेले पाणीच दुष्काळात कामास येते.