दुकानातील संगणक आणि लिनक्सचा पर्याय

बीडच्या मोंढ्यातील अडत दुकान असो, अंबाजोगाईचा छापखाना असो की माजलगावचे झेरॉक्स सेंटर, हिशेब आणि मजकूर बहुतेक ठिकाणी विंडोजवरच चालतो. या विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत ठेवली, तीही नाव नोंदविणाऱ्यांनाच. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, परंतु नव्याने सापडणारी भगदाडे बुजविली जात नाहीत. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे रिटर्न होत असतील, तर धोका कोणाचा हे सांगायला नको.

अकरावी आवृत्ती घ्यावी तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. सेकंडहँड घेतलेली अनेक यंत्रे येथेच अडतात. मग कोणीतरी दोनशे-तीनशे रुपयांत ‘क्रॅक’ टाकून देतो. व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे की, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी मध्ये सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय ज्या अनोळखी माणसाने कुलूप तोडले, त्याने आत आणखी काय ठेवले हे कळण्यास मार्ग नाही.

लिनक्सचा पर्याय येथे विचारात घ्यावा. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला. त्याची मूळ आज्ञावली खुली आहे. कोणीही ती वापरावी, वाटावी, बदलावी. मिंट आणि उबुंटू ही त्याची प्रचलित रूपे. सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचे भारतीय रूप काढले आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून मुले लिनक्सवरच शिकतात.

आपल्या राज्यातील उदाहरण कारागिरांनी विशेष लक्षात घ्यावे. मुंबईचे रुषभ मेहता हे कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायात होते. कारखान्याचा हिशेब सांभाळणारी तयार प्रणाली त्यांना मानवली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच आज्ञावली लिहायला घेतली. त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ उभे राहिले. माल, उधारी, जीएसटीची बिले असे सर्व त्यात होते, ते लिनक्सवर चालते आणि त्याची आज्ञावली खुली आहे. अर्थात एकट्या दुकानदाराला ते अंमळ जडच जाईल.

परंतु फुकट आहे म्हणून लगेच उडी घेऊ नये. जर्मनीतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचे ठरविले, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. आपल्याकडेही अडचण येते ती रोजच्या कामाच्या आज्ञावलींची. टॅली विंडोजसाठीच बनते. उर्दू रुक्के छापणाऱ्यांचे इनपेज आणि फ्लेक्सवाल्यांचे कोरल ड्रॉ हीही आज लिनक्ससाठी मिळत नाहीत. इंकस्केप कोरलच्या फायली उघडते, पण अक्षरे आणि रंग जागेवर राहतीलच असे नाही. आमचे स्पष्ट मत असे की, ज्या यंत्रावर दिवसभर टॅली किंवा इनपेज चालते ते तूर्त हलवू नये. बँक, ईमेल, पत्रे, दरपत्रके आणि जीएसटी पोर्टल यांसाठी असलेले दुसरे यंत्र आधी बदलावे. ही कामे ब्राउझर आणि लिब्रे ऑफिसवर उत्तम होतात.

छापखानेवाल्यांनी एक काम विंडोज हयात असतानाच उरकावे. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. पुढे लिनक्सवर मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वेगळे पैसे न देता मिळतो आणि उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा मोफत फाँट आहे.

खात्री करून घेण्यासाठी काही पुसावे लागत नाही. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट उतरवून घ्यावे आणि संगणक त्यावरून सुरू करावा; हार्ड डिस्कला हात लागत नाही. चार जीबी मेमरीच्या यंत्राला मिंटचे एक्सएफसीई हे हलके रूप बरे. पेनड्राइव्हवरून ते थोडे संथ चालेल, त्याने बिचकू नये. तशाच स्थितीत वायफाय लावून पाहावे, एक बिल छापावे, स्कॅनर तपासावा. प्रिंटरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. बरेच एचपी प्रिंटर लगेच ओळखले जातात, पण कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या जुन्या लेझर प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसविणे कटकटीचे असते. सर्व जमले, तरी खतावणी, फोटो आणि ग्राहकांच्या याद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून, ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावरच मेकॅनिकला फॉरमॅट करण्यास सांगावे.