पदक 1952चं, नोकरी 1955ची

कुंभिवलीतला पोरगा कबड्डीच्या चढाईत तीन गडी बाद करून घरी आला की सगळे खूश होतात. तोच दहावीनंतर "मी खेळातच काहीतरी करणार" म्हणाला की घर गप्प होतं. आईवडिलांचं काय चुकतं? खोपोली-सावरोलीच्या कारखान्यांत निदान महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. अशा पालकांनी कुस्तीपटू खाशाबा जाधवांचं करिअर एकदा नीट पाहावं. त्यांच्या पदकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, नोकरीची फारशी कुणाला नसते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर लढला. 1952मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली.

पण मिरवणुकीवर घर चालत नाही. 1955मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक झाले. पुढे गुडघा दुखावला आणि पुढच्या ऑलिंपिकची वाट बंद झाली. हाताशी नोकरी होती म्हणून संसार उभा राहिला. सुमारे सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. 1984मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 2000 साली, मरणोत्तर. खेळाडूने व्यवस्थेवर किती विसंबावं, याचं उत्तर यातच आहे.

महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे शाळकरी वयात सरकारी क्रीडा प्रबोधिनीत गेला. 2015मध्ये मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला आणि पगारातून साठवून स्वतःची रायफल घेतली. पॅरिसचं कांस्य 2024मध्ये आलं. आधी नोकरी, मग पदक! खाशाबांच्या नशिबी हा क्रम नव्हता.

पदक सगळ्यांनाच मिळणार नाही, हे उघड आहे. तरीही रेल्वे आणि पोलीस खेळाडूंची भरती करतात, आणि राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. ज्याला शिकवण्याची आवड आहे त्याला बी.पी.एड. करून शाळेत जाता येतं किंवा पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका घेता येते. यातल्या बऱ्याच वाटांना शैक्षणिक पात्रता लागते, म्हणून मैदानासाठी बारावी सोडणं हा वेडेपणा आहे.

गावच्या रात्रीच्या सामन्यांतल्या ढाली कपाटात शोभतात, पण नोकरीच्या अर्जाला त्यांचा उपयोग नाही. तिथे मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं, पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. कोणती स्पर्धा धरली जाते, हे प्रवेशशुल्क भरण्याआधीच अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.